आधी एक ठिपका

बाबू, ब्राउन बॉक्स, तो टीव्हीवरच्या खेळाचा मूळ डबा, बनवायचा म्हणतोस, बनव. पण परवा फोनवर तू पहिला प्रश्न विचारलास तो डब्याचा: वरून चिकटवायचा लाकडी रेघांचा कागद कुठे मिळेल? तेव्हाच मला कळलं की काम उलट्या टोकानं सुरू होणार. डबा शेवटी. आपल्या कुहीत सुतार आहेत, प्लायवुड आहे, सनमायका आहे. एका दुपारचं काम. आधी टीव्हीच्या काचेवर एक ठिपका उभा कर. तो पाच मिनिटं न हलता उभा राहिला की मग पुढचं विचार.

तू निवडलेली वस्तू मात्र मला आवडली. माझ्या दुकानात नव्वदच्या दशकात कॅसेटवाले गेम दुरुस्तीला यायचे. पोट्टे तासाच्या भाड्यानं खेळायचे, आणि एखाद्याचं बटण दबेनासं झालं की सगळी टोळी माझ्या काउंटरवर. अ‍ॅडॉप्टर गेलाय, वायर तुटलीय, बटणाखालचं रबर झिजलंय, एवढं मी करून द्यायचो. पण आत पाटीवर एक काळा डांबरासारखा थेंब असायचा, सगळी चिप त्याच्याखाली गाडलेली. तो थेंब गेला की डबा गेला. मला तिथे हात घालायला जागाच नव्हती. ब्राउन बॉक्समध्ये असा थेंब नाही. ट्रान्झिस्टर, डायोड, रेझिस्टर, कपॅसिटर. प्रत्येकाला दोन-तीन पाय, आणि प्रत्येक पायाला मीटर लागतो. अस्सल नग वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात २००६ पासून आहे. तो मिळणार नाही, पण त्याच्या आत जे घडतं ते कुहीत घडवता येतं. माझ्या मते नक्कल म्हणायची ती त्यालाच.

आणि तो बनवणारा राल्फ बेअर आपल्याच धंद्यातला. १९२२ साली जर्मनीत जन्मलेलं ज्यू पोर, हिटलरच्या छळामुळे घरच्यांबरोबर अमेरिकेला गेलं. तिथे कारखान्यात राबता राबता त्यानं टपालानं रेडिओ-दुरुस्ती शिकली, १९४० मध्ये कोर्स पुरा केला, आणि फौजेत जाईपर्यंत न्यूयॉर्कात रेडिओ दुरुस्त केले. पुढे तो सँडर्स असोसिएट्स या लष्करी इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत मोठा इंजिनियर झाला, तिथेच १ सप्टेंबर १९६६ ला टीव्हीवर खेळ खेळण्याच्या कल्पनेचं चार पानी टिपण लिहिलं. पुढचा क्रम नीट बघ, कारण तुला त्याच क्रमानं जायचं आहे. आधी बॉब ट्रेम्बले नावाच्या तंत्रज्ञाकडून त्यानं व्हॉल्व्हचं एक यंत्र बनवून घेतलं. ते पडद्यावर काहीतरी हलवून दाखवायचं, बस. १९६७ मध्ये बिल हॅरिसनच्या हातून दोन ठिपके झाले, एक पळणारा, एक पकडणारा. मग बिल रश म्हणाला, तिसरा ठिपका यंत्रानं हलवू या. तो तिसरा म्हणजे चेंडू. १९६८ साली सगळं एका डब्यात बसलं, डब्याला तपकिरी लाकडी रेघांचा चिकट कागद लागला, आणि नाव पडलं ब्राउन बॉक्स. म्हणजे त्यांचाही कागद शेवटीच लागला!

१९७२ मध्ये मॅग्नावॉक्सनं तेच यंत्र 'ओडिसी' म्हणून विकायला काढलं. ते सहा सेलवर चाले. आवाज नाही, गुण दाखवणं नाही. तुझ्यातही घालू नकोस. तुझा मित्र म्हणेल, एक बझर टाकू, लय मजा येईल. त्याला सांग, वेगळा बनव आणि त्यात टाक.

आता सामान. सीताबर्डीवर जा, ऑनलाइन मागवू नकोस, निदान पहिल्या वेळी. मी छोट्या लाइनच्या गाडीनं जायचो. कुहीहून इतवारी, तिथून पुढे बर्डी. ती गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली, रुंदीकरणासाठी. तू बसनं जाशील. काउंटरवर चिठ्ठी देऊन मोकळा होऊ नकोस. पाकीट उघडून बघ, पायांवर काळपटपणा असेल तर जुना माल आहे, त्याला शोल्डर धरणार नाही. ट्रान्झिस्टर लागतात चाळीसेक, तू शंभर घे, सगळे बीसी ५४७, सगळे एकाच पाकिटातले. मला एकदा पाकिटात भेसळ मिळाली होती, दुकान कुठलं ते जाऊ दे. निम्मे बीसी ५४७ आणि निम्मे प्लॅस्टिकचे २२२२, दिसायला जुळे भाऊ. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. त्या २२२२ चे बरोबर उलटे. मी छापील अक्षर न वाचता लावत गेलो आणि दोन दिवस डायग्रामला शिव्या देत बसलो. तेव्हापासून प्रत्येक ट्रान्झिस्टर मीटरवर लावून बघितल्याशिवाय पाटीत घालत नाही. तूही घालू नकोस, कंटाळा आला तरी.

डायोड १ एन ४१४८. कपॅसिटर घेताना जिथे वेळ मोजायची आहे तिथे हिरवे पॉलिएस्टर घे, चपटे डिस्क सिरॅमिक नको. डिस्कचं मूल्य उष्णतेनं सरकतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. सकाळी जुळवलेला ठिपका दुपारी दोनला पडद्याबाहेर गेलेला असेल. आणि पॉट, म्हणजे तुझ्या हातातलं गोल बटण, ते रेडिओच्या व्हॉल्यूमचं घेऊ नकोस. व्हॉल्यूमचं पॉट कानाच्या हिशेबानं बनवलेलं असतं, आधी हळू हळू, मग एकदम. त्यावर बहुतेक वेळा 'ए' हे अक्षर असतं. तुला 'बी' हवं, सरळ चालीचं. नाहीतर बॅट पडद्याच्या अर्ध्या भागात गोगलगाय आणि उरलेल्या अर्ध्यात माकड.

शोल्डरिंगचं तुला येतं असं तू म्हणतोस. येत नाही. दिवाळीत तू केलेला जोड मी बघितला, वर गोळी आणि आत पोकळ, पक्का ड्राय शोल्डर. पंचवीस वॉटचं आयर्न घे. टोक आधी पायाला आणि तांब्याला एकदम लाव, मनात एक-दोन म्हण, मग दुसऱ्या बाजूनं तार लाव. तार आयर्नला लावायची नाही, जोडाला लावायची. शोल्डर पाण्यासारखं पसरून चमकलं की आधी तार काढ, मग आयर्न, आणि गार होईपर्यंत फुंकर घालू नकोस, हात हलवू नकोस. माझं दुकान मिरचीच्या सातऱ्याच्या, म्हणजे मिरच्या खुडायच्या आवाराच्या, शेजारी होतं. बाया देठ खुडायला बसल्या की वाऱ्याबरोबर खकाणा आत यायचा आणि मला नेमकी जोड गार होताना शिंक यायची. ते जोड मी परत करायचो, सगळे. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. काम झाल्यावर पाटीच्या मागची चिकट राळ ब्रशनं थिनर लावून धुऊन टाक. पावसाळ्यात तीच ओल धरते आणि जिथे करंट जायला नको तिथे जातो.

आता खरी गोष्ट. टीव्हीच्या पडद्यावर जागा अशी काही नसतेच, तिथे फक्त वेळ असते. हे डोक्यात बसलं तर सगळं जमेल. नाही बसलं तर डायग्राम पाठ करूनही जमणार नाही. पूर्वी आम्ही कुही स्टेशनावर बसून घड्याळ बघायचो आणि सांगायचो, गाडी आता तितूरला असेल. इतवारीहून कधी सुटली ते माहीत, चाल माहीत, म्हणजे जागा माहीत. पडद्यावरही तसंच. इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून सुटतो आणि उजवीकडे जातो, एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद. त्यातले बावन्न काचेवर दिसतात, उरलेल्यात तो मागे येतो. ओळीमागून ओळ खाली, आणि २० मिलिसेकंदांत वरपासून खालपर्यंत सगळा पडदा. गाडी सुटल्याची शिट्टी म्हणजे सिंक. शिट्टी झाल्यावर तीस मायक्रोसेकंद थांबून क्षणभर दिवा लावला, तर दिवा पडद्याच्या मधोमध दिसेल. थांबायचा वेळ वाढवला की उजवीकडे, कमी केला की डावीकडे. तुझ्या हातातलं बटण फक्त थांबण्याचा वेळ बदलतं. बॅट, चेंडू, मधली रेघ, सगळं त्यातच आलं.

तर पहिलं काम शिट्टीचं. अमेरिकेच्या डायग्राममध्ये सेकंदाला ६० पडदे आणि सुमारे १५,७५० ओळी दिसतील. आपल्याकडे ५० आणि १५,६२५. आकडे न बदलता लावलंस तर जुना टीव्ही कदाचित होल्डच्या बटणानं धरेलही, पण चित्र सरकेल. मूळ यंत्रात हेही साध्या ट्रान्झिस्टरच्या जोडीनं केलं होतं, जी उन्हात बहकते. पहिल्या वेळी इथे थोडी चोरी चालेल. चार मेगाहर्ट्झचं क्रिस्टल आणि ७४ एचसी ४०६० ही चिप घे, चौदाव्या पायावर क्रिस्टलचा दोनशे छप्पन्नावा भाग मिळतो. चाळीस लाख भागिले २५६, किती होतात? करून बघ. बरोबर १५,६२५, वर शून्यसुद्धा उरत नाही. हा हिशेब मला पहिल्यांदा सुचला तेव्हा मी तुझ्या आजीला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवला होता. तिनं कागद बघितला आणि भाजी करपली म्हणून परत गेली. सीडी ४०६० देऊ केली तर घेऊ नकोस, कमी व्होल्टवर ती चार मेगाहर्ट्झला धापा टाकते. यंत्र चालू झालं आणि तुझं समाधान झालं की क्रिस्टल काढ आणि मुळासारखी ट्रान्झिस्टरची जोडी बसव.

तुझ्याकडे ऑसिलोस्कोप नाही म्हणून रडू नकोस. माझ्याकडेही नव्हता. हर्ट्झ मोजणारा मीटर आता स्वस्तात मिळतो, आणि टीव्ही हाच स्कोप आहे. शिवाय तुझे कान आहेत. जुन्या टीव्हीतून १५,६२५ ची बारीक शिट्टी येते. मला आता ती ऐकू येत नाही, पंधरा-वीस वर्षं झाली. तुला येईल. तुझं यंत्र जोडल्यावर ती शिट्टी वर-खाली झाली, तर समज तुझी ओळ जुळलेली नाही.

मग ठिपका. त्याला चार घड्याळं लागतात: आडवं थांबायचं, आडवी रुंदी, उभं थांबायचं, उभी उंची. प्रत्येक घड्याळ म्हणजे दोन ट्रान्झिस्टरांचं मोनोस्टेबल. धक्का मिळाला की ठरलेल्या वेळेपुरतं जागं, मग झोप. वेळ काढायची सोपी रीत: रेझिस्टर गुणिले कपॅसिटर गुणिले ०.६९. दहा किलोओहम आणि ३३० पिकोफॅरड घेतले तर सव्वादोन मायक्रोसेकंद येतात, चौदा इंची पडद्यावर सेंटिमीटरभर रुंदी. उंचीसाठी बारा किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे आठ दशांश मिलिसेकंदाच्या आसपास, तेही सेंटिमीटरच्या जरा आत. रुंदी आणि उंची दोन्ही घड्याळं जागी असतील तेवढ्याच क्षणी दिवा लागला पाहिजे. ते काम दोन डायोड करतात. उंचीचं घड्याळ आधी एकटं लावून बघ, पडद्यावर आडवा पांढरा पट्टा येईल. मग रुंदीचं एकटं, उभा पट्टा. दोन्ही पट्टे दिसल्याशिवाय डायोड जोडू नकोस. जिथे पट्टे एकमेकांना छेदतात तिथे तुझा ठिपका.

इथे एक खोच आहे, ती पुस्तकात बारीक अक्षरात असते. मोनोस्टेबल पलटतं तेव्हा बेसवर उलटा झटका बसतो, जवळपास सप्लायच्या व्होल्टेजएवढा. बीसी ५४७ चा बेस-एमिटर उलट दिशेनं सहाच व्होल्ट सोसतो. ओडिसीसारखे नऊ व्होल्ट दिलेस, तर तो प्रत्येक पलटीला आतून फुटतो, वेळ चुकते आणि ट्रान्झिस्टर हळूहळू मरतो. मेलेला दिसतही नाही, नुसता आळशी होतो. म्हणून चार सेल लाव, सहा व्होल्टवर काम कर. चिपला त्यातूनही एका डायोडमधून दे, नवे सेल सहाच्या वर असतात. नऊच हवे असतील तर प्रत्येक बेसला एक डायोड ओळीत घाल. आणि सेलच वापर, अ‍ॅडॉप्टर नको. एक तर घरघर येत नाही, दुसरं म्हणजे पोरांच्या हातात जी वस्तू जाणार तिचा भिंतीतल्या लाइनशी संबंध नको. लाइट गेल्यावर टीव्ही बंद, सेल चालू. तेव्हा बटण बंद करायला विसरू नकोस.

टीव्हीला जोडताना मात्र शहाणपणा करू नकोस. जुन्या काही सेटांत मागची चेसिसच मेनला जोडलेली असते. मागचं झाकण उघडून व्हिडिओची तार आत घालणारे हुशार मी पाहिले आहेत, त्यांच्यापैकी एक मीच. उजवा हात खांद्यापर्यंत तासभर बधिर होता. मूळ यंत्र अँटेनाच्या वाटेनंच जायचं, तूही त्याच वाटेनं जा. माळ्यावर माझ्या त्या मेलेल्या कॅसेटवाल्या गेमांची पेटी आहे. त्यांच्या आत पत्र्याची छोटी डबी आहे, अँटेनाचं भोक असलेली. तो मॉड्युलेटर. काळा थेंब मेला तरी डबी जिवंत असते. तिला पाच व्होल्ट दे, तुझा सिग्नल दे, आणि टीव्हीवर शोध. तिकडे चॅनल तीन म्हणजे ६१.२५ मेगाहर्ट्झ, आपल्याकडे चॅनल चार ६२.२५, तेव्हा अमेरिकन वर्णनातला चॅनलचा आकडा विसर. डबीतली कोर फिरवून जुळवायचं, पण लोखंडी पेचकसानं नाही. लोखंड जवळ आलं की जुळवणी बदलते, काढलं की पुन्हा बदलते, आणि कोरही तडकते. बांबूची काडी तासून घे.

नव्या सपाट टीव्हीवर प्रयत्न करू नकोस असं मी म्हणणार नाही, कर. बहुतेक निळा पडदा दाखवून 'सिग्नल नाही' म्हणेल. त्याला ओळींचा हिशेब चोख लागतो. काचेचा जुना सेट समजूतदार, अर्धवट शिट्टीवरही गाडी सोडतो.

दुसरा ठिपका म्हणजे पहिल्याचीच पाटी पुन्हा. तिसरा चेंडू. त्याच्या थांबण्याच्या वेळेला बटण नाही, तिथे एक मोठा कपॅसिटर हळूहळू भरतो नि रिकामा होतो, आणि भरायचं की रिकामं व्हायचं हे एक फ्लिप-फ्लॉप ठरवतं. बॅटचा दिवा आणि चेंडूचा दिवा एकाच क्षणी लागले म्हणजे दोघं एकाच जागी आहेत. दोन डायोड ते ओळखतात, फ्लिप-फ्लॉप पलटतं, चेंडू परत. हे पहिल्यांदा घडेल तेव्हा तू ओरडशील, मीही ओरडलो होतो. त्या कपॅसिटरला जुना इलेक्ट्रोलिटिक लावू नकोस, गळतो, मग चेंडू एका बाजूला ओढला जातो. चेंडू सुरुवातीला जोरात आणि शेवटी दमल्यासारखा जाईल, ते कपॅसिटरच्या भरण्याच्या चालीमुळे. राहू दे तसंच.

मग तू म्हणशील, "आबाजी, हा चेंडू वाकून राह्यला!" वाकणारच. मूळ खेळात चेंडूची वर-खाली चाल खेळाडूच्या हातात होती, वेगळं बटण. मारल्यानंतरही चेंडू हवेत वळवता यायचा. ती खोड काढून टाकू नकोस, त्यावरच भांडणं होतील आणि खेळ रंगेल. गुण दाराच्या मागे खडूनं लिहा.

पडद्यावर नेम धरायची बंदूक आता नको. तिच्यात फक्त उजेड ओळखणारा डोळा असतो. ओडिसीची बंदूक दिव्याकडे धरली तरी नेम लागायचा. गेम बदलायला ओडिसीत कार्डं होती. उघडून बघशील तर आत काहीच नाही, नुसते जंपर, कुठली तार कुठे जोडायची एवढंच. ब्राउन बॉक्समध्ये ते काम स्विचांनी व्हायचं. तू स्विच लाव, आणि कुठल्या खेळाला कुठला स्विच खाली ते पुठ्ठ्यावर लिहून ठेव. डायग्रामची एक प्रत झाकणाच्या आतून चिकटव. व्हॉल्व्हच्या रेडिओत असायची तशी. चाळीस वर्षांनी कोणी झाकण उघडलं तर त्याला फोन करायला मी नसेन.

टीव्ही माळ्यावरच आहे, डाव्या कोपऱ्यात, चादरीखाली. एकट्यानं उतरवू नकोस, मला हाक मार. मी शिडी धरीन. सगळं वजन काचेकडे असतं, म्हणून काच छातीशी धरायची, पाठ बाहेर. आणि मागच्या नळीच्या मानेला हात लावू नकोस, ती अंड्याच्या टरफलासारखी असते.